शब्द फुकट, शिक्षण महाग

इंग्रजीच्या प्रश्नावर महाराष्ट्रात एक नवा युक्तिवाद रूढ होऊ पाहत आहे. तो केवळ सत्ताधाऱ्यांच्या तोंडी असता तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु समाजवादी कार्यकर्त्यांच्या शिबिरांतही तो हल्ली ऐकू येऊ लागला आहे. युक्तिवाद असा की, इंग्रजी ही पूर्वी मूठभरांची मिरास होती, कारण कोश महाग होते, पुस्तके दुर्मिळ होती आणि चांगला शिक्षक शहरातच सापडत असे. आता घरोघरी मोबाइल आहे. त्यात कोश आहे, उच्चार ऐकवणारा आवाज आहे, रोज दहा नवे शब्द शिकवणारे ॲप आहे, आणि हे सारे फुकट आहे. तेव्हा यापुढे ज्याला इंग्रजी येत नाही त्याने दोष द्यावा तो आपल्या आळसाला. शाळेला, शासनाला वा समाजरचनेला बोल लावण्याचे दिवस संपले.

वरवर पाहता या युक्तिवादाला समतेचा वास येतो. वस्तुतः तो 'ज्याचे त्याचे कर्म' या जुन्याच सिद्धांताची नवी आवृत्ती आहे. दारिद्र्याचे खापर दरिद्री माणसाच्या माथी फोडण्याची सवय अभिजन वर्गाला फार पूर्वीपासून आहे. आता अज्ञानाचेही खापर अज्ञानी माणसाच्या माथी फोडण्याची सोय झाली, एवढाच काय तो फरक.

मात्र या युक्तिवादाचा प्रतिवाद करताना ऑनलाइन साधनांनाच नावे ठेवणे हा उतावीळपणा ठरेल. साधने चांगली आहेत, काही तर फारच चांगली आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. एके काळी तो पाहायचा तर मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागे. आज शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर खुला ठेवला आहे आणि गडचिरोलीतला विद्यार्थी तो पुण्याच्या प्राध्यापकाइतक्याच सहजपणे उघडू शकतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणाचा वेग मोजून दाखवला. त्यावरून पुढे असे पद्धतशीर तंत्र तयार झाले की शब्द विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा समोर यावा, आणि प्रत्येक वेळी मधले अंतर वाढत जावे. लाइटनर या लेखकाने १९७२ साली हेच तंत्र कागदाच्या चिठ्ठ्या आणि खणांची पेटी यांच्या साहाय्याने सांगितले. २००६ साली निघालेले 'अंकी' नावाचे ॲप ते संगणकावर आणि बहुतेक मोबाइलवर विनामूल्य करून देते. 'फ्रीराइस' हा शब्दखेळ २००७ सालचा. बरोबर उत्तरामागे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाला धान्याची मदत मिळते. ही सर्व माणसाच्या बुद्धीची सार्वजनिक मिळकत आहे आणि तिचे स्वागत समाजवाद्यांनी सर्वांआधी करावयास हवे.

प्रश्न आहे तो वेगळाच. अर्थशास्त्रात पूरक वस्तूंचा एक साधा नियम आहे. दोन वस्तू एकमेकींवाचून निरुपयोगी असतील, तर एक फुकट झाल्याने काम भागत नाही. दुसरीची टंचाईच मग निर्णायक ठरते. साखर फुकट वाटली म्हणून चहा फुकट होत नाही. शब्दांचे तसेच आहे. शब्द फुकट झाले, परंतु शब्द अंगी मुरण्यासाठी जे लागते ते, म्हणजे निवांत वेळ, वाचनाचे साहित्य, मातृभाषेतून पक्की झालेली समज आणि चूक दाखवणारा माणूस, यांपैकी काहीही फुकट झालेले नाही.

हिशोबच करून पाहू. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात होता. १९२६ साली त्याने बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला आणि सामान्य बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजीची मुख्य गरज आहे ती वाचनापुरती, असे मत मांडले. त्या गरजेतून त्याने मोजक्या शब्दांची क्रमवार वाचने तयार केली. १९५३ साली प्रसिद्ध झालेली त्याची सुमारे २,००० शब्दांची यादी आजही जगभर वापरली जाते. या २,००० शब्दांनी सामान्य मजकुराचा साधारण ८० टक्के भाग उलगडतो. ऐकायला हे भरपूर वाटते. पण याचा अर्थ दर पाच शब्दांमागे एक शब्द अंधारात राहतो, आणि नेमका तोच बहुधा वाक्याचा प्राण असतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली दाखवले की, कोणाच्या मदतीवाचून वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची, म्हणजे शंभरांतले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे यावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एका मूळ शब्दापासून निघालेला सारा परिवार.

आता रोज दहा शब्द शिकवणाऱ्या ॲपकडे वळा. एकही दिवस न चुकता, एकही शब्द न विसरता आठ हजारांचा पल्ला गाठायला ८०० दिवस लागतात. आणि विसरणे तर ठरलेलेच असते. शब्द एकदा भेटून ओळखीचा होत नाही. तो वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या सोबतीने पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. म्हणजे काही वर्षे रोज अर्धा-पाऊण तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा, दिवा आणि मन ताजे असण्याची वेळ. ज्या घरात एक खोली आहे आणि त्या खोलीत पाच माणसे व एक टीव्ही आहे, तेथे हा पाऊण तास कोठून आणायचा? ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेल्या मुलीने कोठून आणायचा? पहाटे उठून पाणी भरणारी, शाळेतून येताच चुलीपाशी बसणारी मुलगी आळशी आहे, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते तिच्या तोंडावर जाऊन म्हणावे.

आणि मोबाइल तरी कोणाचा? २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ८९ टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आढळला. शासनाचे भाट याच आकड्यावर थांबतात. त्याच पाहणीत पुढे असे आहे की, ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन मुलांत सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींत सुमारे २७ टक्क्यांकडे होता. उरलेल्यांचा फोन बापाच्या वा भावाच्या खिशात, म्हणजे दिवसभर घराबाहेर. आधीच्या आठवड्यात फोनचा उपयोग शिक्षणासाठी केला असे सांगणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारे ७६ टक्के. यात मुलांचा दोष कमी आहे. जे यंत्र लक्ष विचलित करण्यासाठीच घडवले गेले, त्यावर लक्ष केंद्रित करून दाखवा, असा हा आग्रह आहे. दारूच्या दुकानात अभ्यासिका उघडावी, तशातली ही गोष्ट.

'फुकट' या शब्दाचीही थोडी झाडाझडती घ्यायला हवी. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी दूरसंचार कंपन्यांनी आपले दर एकाच सुमारास दहा ते पंचवीस टक्क्यांनी वाढवले. या सेवेवर वस्तू व सेवा कर आहे १८ टक्के. म्हणजे शेतमजुराच्या मुलाने ३०० रुपयांचे रिचार्ज केले, की त्यातले सुमारे ४६ रुपये सरकारी तिजोरीत जातात. छापील पुस्तकावर हा कर शून्य आहे. ज्या सरकारला पुस्तकावर कर लावणे लाजिरवाणे वाटते, तेच सरकार 'पुस्तकाऐवजी फोनवर शिका' असा उपदेश करते आणि त्या फोनवर कर घेते.

शब्द शिकवणाऱ्या ॲपांची अर्थव्यवस्थाही समजून घ्यावी. डुओलिंगो ही कंपनी २०११ साली निघाली आणि २०२१ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. तिचे फुकट पाठ घेणाऱ्या मोबाइलधारकाला अनेक वर्षे पाच 'हृदये' मिळत. चूक केली की एक हृदय कमी. पाचही संपली की थांबा, सराव करून पुन्हा मिळवा, नाहीतर पैसे भरा. चुकांतून शिकणे हा शिक्षणाचा पहिला नियम आहे. येथे चुकीलाच दंड बसवला आणि पैसेवाल्याला त्यातून मुक्ती दिली. ज्याचे इंग्रजी कच्चे तो जास्त चुकणार, जो जास्त चुकणार तो लवकर थांबवला जाणार! सावकाराचे चक्रवाढ व्याज याहून निराळे ते काय असते?

परकी सरकारे वाटतात त्या देणगीवरही विसंबता येत नाही. 'व्हॉइस ऑफ अमेरिके'ने १९५९ साली सुमारे १,५०० शब्दांत, संथ गतीने बातम्या सांगणारा कार्यक्रम सुरू केला. तो पुढे इंटरनेटवर आला आणि आशिया-आफ्रिकेतील असंख्य गरीब विद्यार्थ्यांनी त्यावर आपले इंग्रजी घडवले. हेतू अमेरिकेच्या प्रचाराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. साधन मात्र उत्तम होते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या संस्थेचे जवळजवळ सारे कर्मचारी एका फटक्यात रजेवर पाठवले. ज्यांचे इंग्रजी या कार्यक्रमावर चालले होते त्यांना कोणी विचारले नाही, विचारणारही नव्हते. सार्वजनिक गरज दुसऱ्याच्या दानतीवर सोपवली की असे होते.

पण या सर्वांहून मूलभूत प्रश्न आहे तो समजुतीचा. शब्द म्हणजे केवळ ध्वनी नव्हे. त्यामागे कल्पना असते. ज्या मुलीला उत्पादन, उत्पादक, उत्पादकता यांतला फरक मराठीतून नीट समजला आहे, तिला इंग्रजीतला 'प्रॉडक्शन', 'प्रोड्यूसर', 'प्रॉडक्टिव्हिटी' हा परिवार एका बैठकीत कळतो. कारण तिला फक्त नवी नावे लक्षात ठेवायची असतात. जिला मूळ कल्पनाच कोणी समजावली नाही, तिच्या दृष्टीने ही तीन निरनिराळी पाठांतरे आहेत. पहिल्या भाषेतील समज दुसऱ्या भाषेला आधार देते, हा सिद्धांत कॅनडाचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला. महाराष्ट्रात तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना तो अनुभवाने ठाऊकच होता. त्या पाठमालेची चेष्टा पुष्कळ झाली. परंतु ती मराठी वाक्याचा हात धरून इंग्रजी वाक्यापर्यंत नेत असे, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल.

फोनमधील कोश हा हात धरत नाही. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, एवढे सांगून तो मोकळा होतो. वर्तमानपत्रात 'पब्लिक इंटरेस्ट' आले की विद्यार्थी त्याचा अर्थ 'लोकांचे व्याज' असा लावतो आणि पुढे जातो. ('लोकांचे व्याज' हा देशातील बँकांच्या इतिहासावर बरा शेरा होईल, पण तो भाग निराळा.) 'कॅपिटल' म्हणजे भांडवल, राजधानी, की लिपीतले मोठे अक्षर, हे कोश सांगू शकत नाही, ते सांगते भोवतालचे वाक्य, आणि वाक्य वाचण्याची सवय लावतो तो शिक्षक किंवा शेजारी बसलेला सोबती. चांगले यंत्रही याबाबतीत मदत करते, पण ते चुकले आहे हे ओळखण्यापुरते ज्ञान ज्याच्यापाशी आधीच आहे त्यालाच.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांत काय घडते, ते यावरून समजावे. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. हेतू बहुजनांच्या मुलांना मागे पडू न देण्याचा होता आणि त्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि शिक्षकांना इंग्रजी येण्याची तजवीज झाली नाही आणि मराठी पक्के करण्याची कोणाला आवश्यकता वाटली नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या युवकांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरांतले सुमारे ४२ वाचून समजतात, पंधरा अर्थावाचून वाचतात आणि उरलेल्यांना वाचताच येत नाही. वाक्ये सोपी होती, हे ध्यानात ठेवावे. या युवकांना रोज दहा अवघड शब्द पाठ करायला लावणे म्हणजे पाया नसलेल्या घराला गच्ची बांधून देणे होय.

या विषमतेची मुळे जुनी आहेत. १८३५ साली मेकॉलेने वरच्या थराला इंग्रजी शिकवावे आणि ज्ञान तेथून खाली झिरपेल असे मानले. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात या धोरणाचा आर्थिक गाभाच उघडा पाडला : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ उच्च वर्गांना मिळतो. फुले स्वतः मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते, सावित्रीबाईंनी इंग्रजीचे मनःपूर्वक स्वागत केले होते. त्यांचा झगडा भाषेशी नव्हता, वाटणीशी होता. आज झिरपण्याचा सिद्धांत कोणी उघडपणे मांडत नाही. वरच्या थराने इंग्रजी शाळा आणि खासगी शिकवणी विकत घ्यावी, आणि खालच्या थराने फोनवर पाहून घ्यावे, असे फक्त ठरून गेले आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने पुढे आणला, तोही याच विचारसरणीतून. दूरच्या शाळेत जाऊ न शकणाऱ्या वस्तीवरच्या मुलीने काय करावे, याचे उत्तर पुन्हा तेच : फोन आहे ना!

येथपर्यंत समाजवादी कार्यकर्ते माना डोलावतील. त्यांना अप्रिय वाटेल ते पुढेच आहे. इंग्रजीविषयी चळवळीची भूमिका वर्षानुवर्षे दुटप्पी राहिली आहे. व्यासपीठावर डॉ. लोहियांचे नाव घेऊन 'अंग्रेजी हटाव'ची घोषणा द्यायची आणि घरची मुले कॉन्व्हेंटमध्ये घालायची, ही परंपरा कोणत्याही जिल्ह्यात शोधावी लागत नाही. लोहियांचे बोट सत्तेवर होते. न्यायालय, कचेरी, विधिमंडळ आणि शिक्षणाचे माध्यम येथून इंग्रजीचे वर्चस्व गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. एखाद्याने ती भाषा शिकू नये असे बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवलेला, स्वतः इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा माणूस कसे म्हणेल? सत्तेची भाषा बदलेपर्यंत तिची किल्ली गरिबाच्या हाती असू नये, असा लोहियांच्या घोषणेचा अर्थ लावणारे तिचा उपयोग आपल्या मुलांच्या स्पर्धकांची संख्या कमी करण्यासाठीच करतात. पीक विम्याच्या अटी, कर्जाचे करारपत्र, उच्च न्यायालयाचा निकाल, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, हे सारे आजही बहुधा इंग्रजीत असते. ते मराठीत यावे म्हणून लढलेच पाहिजे. लढा संपेपर्यंत ते वाचता येणारी माणसेही गावात हवीत.

मग काय करावे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. बहुतेक लहान, पुष्कळशी खेड्यांतली, अनुदान तुटपुंजे, आणि कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या मानधनाला वेतन म्हणताना जीभ अडखळते. पण इमारत आहे, टेबल आहे, दिवा आहे. ज्या चार गोष्टी फोन देत नाही, त्यांपैकी जागा आणि सोबत येथे मिळू शकते. एक इंटरनेट जोडणी घेतली तर दहा मुलांचे रिचार्ज वाचते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्यांचा उपयोग इंग्रजी शिकवण्यासाठी होऊ शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'इन्फ्लेशन' हा शब्द पाठ करण्यापूर्वी विश्वकोशातली चलनवाढीची नोंद मराठीतून वाचली, की तो शब्द जन्मभर विसरत नाही आणि त्याबरोबर दहा शब्द आपोआप येतात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी आणखी एक यादी उपयोगी आहे. न्यूझीलंडच्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली महाविद्यालयीन ग्रंथांत वारंवार येणारी ५७० शब्दकुळे निवडली. पाठ्यपुस्तकातील सुमारे दहा टक्के मजकूर तेवढ्याने व्यापला जातो. ही यादी इंटरनेटवर आहे, छापून घेतली तर चार-पाच पाने होतात. वेस्टची यादी झाल्यावर ती घ्यावी. लाइटनरची पेटी करायला कोणतेही ॲप लागत नाही : गेल्या हंगामातील लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि बुटांचा रिकामा खोका पुरतो. शब्द एका बाजूला, मराठी अर्थ आणि एक वाक्य दुसऱ्या बाजूला. वाक्य मुलांनी स्वतः रचावे, आणि ते गावातले असावे. लंडनच्या पावसावरचे नको.

यावर 'शिकवणी घेणे हे पक्षाचे काम नव्हे' असा आक्षेप येईल. १९४१ साली राष्ट्र सेवा दल निघाले तेव्हापासून अभ्यास मंडळ हे समाजवाद्यांचे काम राहिले आहे, आणि ती मंडळे बंद पडल्यापासून शाखाही ओस पडू लागल्या, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे : कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले, की शासन आपली जबाबदारी झटकायला मोकळे. म्हणूनच अभ्यास मंडळ आणि मागणी ही दोन्ही बरोबर चालली पाहिजेत. गावातील शब्दांचे मंडळ हाच मागणीचा पुरावा होईल. जिल्हा परिषदेसाठी मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, वाचनालयाच्या पायरीवर उभे करून विचारावे की हे दार संध्याकाळी सात ते नऊ उघडे राहील काय, आणि त्या दोन तासांचे वेतन ग्रंथपालाला कोण देणार.